रिपोर्टातल्या खालच्या ओळी

मैत्रिणींनो, घरी रक्ताचा रिपोर्ट आला की तुम्ही त्यातलं काय वाचता? मीच सांगते. हिमोग्लोबिन! तेवढा एक आकडा बघायचा, अकराच्या खाली असला की 'अशक्तपणा आहे हो' म्हणायचं आणि कागदाची घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून द्यायची. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी दहा-बारा ओळी असतात. त्या डॉक्टरांसाठी, असा आपला समज. आज मला बोलायचंय ते त्या खालच्या ओळींविषयी. आमच्या श्रीरामपूरच्या घरात त्या ओळींनी गेल्या तीन वर्षांत किती उलथापालथ केली, ते ऐकलंत तर तुम्हीही तो कागद पिशवीतून पुन्हा बाहेर काढाल.

माझी धाकटी लेक लहानपणापासून जरा फिकटच. खेळायला, अभ्यासाला कुठे कमी नाही. पण हिमोग्लोबिन कायम दहा, फार तर साडेदहा. मग काय, घरोघरी होतं तेच. लोखंडी कढईत पालेभाजी, हळिवाचे लाडू, खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे, आणि वर लोहाच्या गोळ्या. गोळ्यांनी पोट तेवढं बिघडायचं, आकडा काही हलायचा नाही. पुण्याला नोकरीला लागल्यावर त्यांच्या ऑफिसात रक्तदानाचं शिबिर होतं. रक्त द्यायला साडेबारा हिमोग्लोबिन लागतं, तेव्हा हिला अर्थातच परत पाठवलं. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हिच्या मोबाइलमधला जुना रिपोर्ट नीट वाचला आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या तांबड्या पेशी कमी नाहीतच. उलट जास्त आहेत. फक्त फार लहान आहेत. तू एचबी ए-टू करून घे."

तर ह्या त्या खालच्या ओळी. एक आहे तांबड्या पेशींच्या संख्येची. लेकीची होती ५६ लाख, म्हणजे भरपूर. दुसरी एम.सी.व्ही., म्हणजे एकेका पेशीचं आकारमान. ते ऐंशीच्या वर असावं, हिचं ६२. लोह कमी असलं की पेशी लहान होतात आणि सहसा संख्येनेही कमी पडतात. पण पेशी लहान आणि संख्या मात्र जास्त, असं दिसलं की जाणत्या डॉक्टरांच्या मनात दुसरी शंका येते. एम.सी.व्ही.ला संख्येने भागायचं, ६२ भागिले ५.६, म्हणजे अकरा. उत्तर तेराच्या खाली आलं की पुढची तपासणी करावी असा एक ठोकताळा आहे. ठोकताळाच हं, निदान नव्हे. निदान होतं ते एचबी ए-टूच्या तपासणीने. निरोगी माणसात हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण साडेतीन टक्क्यांच्या आत असतो. लेकीचा निघाला ५.१. कागदावर शब्द होता 'बीटा थॅलसेमिया ट्रेट'. बोली भाषेत थॅलसेमिया मायनर.

नाव ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण थॅलसेमिया हा शब्द मला आमच्या शेजारच्या घरातून माहीत होता. त्यांचं कुटुंब फाळणीनंतर सिंधमधून इकडे आलेलं. त्यांच्या मुलाला थॅलसेमिया मेजर. जन्मला तेव्हा गोरागोमटा, गुटगुटीत. ह्या आजारात असंच होतं, कारण पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि जन्मानंतरही काही महिने तेच पुरतं. सहा महिन्यांनंतर खरी गरज पडते तेव्हा मूल पांढरं पडू लागतं. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त. शेजारच्या वहिनी पोराला काखेला मारून पहाटेच्या एस.टी.ने नगरला जायच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेचं वळण जात नाही) आणि रात्री परत यायच्या. रक्त चढवलं की प्रश्न मिटला असंही नाही. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं, आणि शरीर बाहेर टाकतं दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम. बाकीचं साठतं काळजात, यकृतात, वाढीच्या ग्रंथींत. ते काढायला पूर्वी पोटाच्या कातडीखाली सुई लावून रात्रभर पंपाने औषध द्यावं लागे. पुढे डेफेरिप्रोन, डेफेरासिरॉक्स अशी पोटातून घ्यायची औषधं आली. आज तो मुलगा चोवीस वर्षांचा आहे, स्वतःचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. पण त्या माउलीची चोवीस वर्षं कुठे गेली ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

मेजर आणि मायनर ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला लेकीनेच समजावलं. मायनर हा आजारच नव्हे. माणूस जन्मभर धडधाकट राहतो, थोडा फिकट एवढंच. मग भानगड काय आहे? ती मी माझ्या भाषेत सांगते.

तुमच्याकडे आजीच्या हातची पाककृतींची वही असेल. आईने ती उतरवून घेतली, आईची तुम्ही उतरवलीत. उतरवताना कुठे 'वाटीभर पीठ'च्या जागी 'वाटीभर मीठ' पडलं, तर? अक्षर एकच बदललं. पण पदार्थ तोंडात घालवणार नाही. आणि पुढच्या सगळ्या लेकीसुनांच्या वहीत ते मीठच उतरणार. आपल्या शरीराचीही अशीच लिखापढी असते, तिला जनुकं म्हणतात. हिमोग्लोबिनमधली बीटा नावाची साखळी कशी रचायची, ही कृती अकराव्या गुणसूत्रावर आहे. तिच्यात अशा चुका दोनशेहून अधिक प्रकारच्या सापडल्या आहेत, पण आपल्या देशात पाच-सहा चुकाच पुन्हा पुन्हा भेटतात. सिंधी, गुजराती घरांत आढळणाऱ्या एका चुकीत तब्बल ६१९ अक्षरं गळलेली असतात. वहीचं अर्धं पानच फाटलं म्हणा ना! सबंध भारतात आणि आपल्या महाराष्ट्रातही सर्वांत जास्त सापडणारी चूक मात्र एकाच अक्षराची आहे, जी च्या जागी सी. तीही कृतीत नाही, तर 'इथून पुढचा मजकूर सोडून द्या' ह्या खुणेजवळ. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गावच्या स्टेशनच्या पाटीवर 'बेलापूर' लिहिलेलं, आणि श्रीरामपूर शोधणारा नवखा पाहुणा गाडीत बसून पुढे निघून जायचा. तसंच काहीसं. खूण ओळखली जात नाही, नको तो मजकूर कृतीत शिरतो आणि साखळी पुरेशी तयारच होत नाही.

पण देवाने एक सोय केलीय. प्रत्येकाजवळ ह्या कृतीच्या दोन वह्या असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरीवर घर चालतं. तेच मायनर. दोन्ही बिघडलेल्या आल्या तर मेजर.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल की लेकीची बिघडलेली वही आमच्या दोघांपैकी कुणाकडून तरी आली असणार. सासूबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता निकाल दिला, "तुझ्या माहेरचं असेल. तुमच्याकडे सगळेच मेले पांढरेफटक." मी गप्प. आपल्याकडे सुनेच्या माहेराहून काय काय येत नाही? मुलांचं नकटं नाक येतं, हट्टीपणा येतो, गणितातले मार्क येतात. मी लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. माझं ए-टू २.६. मग ह्यांनी दिलं. ह्यांचं ५.४.

तीन दिवस घरात कुणी त्या विषयावर बोललं नाही. चौथ्या दिवशी सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "माझंही रक्त घ्या." वय वर्षं एक्क्याऐंशी. बालपण हरेगावच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत गेलेलं, चार बाळंतपणं झालेली, अजून पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करतात. त्यांचा रिपोर्ट आला आणि मूळ सापडलं. कागद हातात धरून म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा मला पांढऱ्या पायाची म्हणत होते गं इथे. सारखी दमायची ना गरोदरपणात." एवढंच बोलल्या आणि देवघरात गेल्या. माझ्या माहेरचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मूळ सापडलं तसं दुसरं काम पुढे आलं. सासूबाईंना चार मुलं. प्रत्येकाला ही वही मिळण्याची शक्यता निम्मी, आणि ज्यांना मिळाली त्यांच्या मुलांना पुन्हा निम्मी. म्हणजे सगळ्यांना सांगणं आलं. हे काम ह्यांनी माझ्यावर सोपवलं (पुरुषमाणसं अशा वेळी 'तू बोल, तुला नीट जमतं' म्हणतात!). मोठे दीर लगेच तयार झाले. संगमनेरच्या वन्सं मात्र फोनवर कडाडल्या, "वहिनी, माझ्या पोरीचा साखरपुडा तोंडावर आलाय आणि तुम्ही हे काय काढलंत? होऊ द्या सगळं, मग बघू." मी म्हटलं, "पोरीची तपासणी राहू द्या, आधी तुमची करा. तुमच्यात नसेल तर तिच्यात आमच्याकडून येणारच नाही, विषय संपला." ही युक्ती लक्षात ठेवा. आधी वडीलधाऱ्यांची तपासणी केली की कैक मुलं आपोआप सुटतात. पण त्यांनी तेव्हा ऐकलं नाही.

ज्यांना सांगायला खरं तर उशीर झाला असता, ते होते धाकटे दीर. त्यांचा मुलगा पिंपरीला नोकरीला, आणि सून नऊ आठवड्यांची गरोदर. मुलाचा रिपोर्ट मायनर. सुनेचा पहिल्या महिन्यातला रिपोर्ट काढून बघितला, तर एम.सी.व्ही. ६५! तिची तपासणी केली, तीही मायनर. ती काही सिंधी नाही की कच्छी नाही. आपल्यासारख्याच मराठी घरातली, आमच्याशी कसलं नातंगोतं नसलेली. 'हे त्यांच्यात असतं, आपल्यात नसतं' असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. सिंधी, लोहाणा, पंजाबी, बंगाली समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरं. पण सबंध देशात शंभरात तीन-चार माणसं ही वही घेऊन फिरताहेत, आणि त्यांत सगळी आडनावं आहेत.

दोघंही मायनर असले की प्रत्येक वेळी चार चिठ्ठ्यांतून एक उचलायची. एक चिठ्ठी पूर्ण निरोगी मुलाची, दोन मायनरच्या, एक मेजरची. आणि प्रत्येक गरोदरपणात चारही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात पडतात. पहिलं मूल मेजर झालं म्हणून पुढची तीन चांगली, असा हिशेब नाही. शेजारच्या वहिनींना कुणीतरी तसंच सांगितलं होतं.

गर्भाची तपासणी दहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान होते. वारेचा अगदी बारीक तुकडा सुईने काढतात आणि त्यातली जनुकं तपासतात. पण आधी आईबापांच्या वहीत चूक नेमकी कोणती, ते शोधावं लागतं. चूक ठाऊक नसेल तर बाळात काय शोधणार? म्हणून घाई. ह्या कामासाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात, तेराव्या मजल्यावर, रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांच्या केंद्रापासून तिची सुरुवात झाली. पुण्या-मुंबईत आता आणखीही ठिकाणी हे होतं. मुलाची चूक निघाली ती सगळीकडे सापडणारी, जी च्या जागी सी. सुनेची वेगळीच, तिच्या वहीत कृतीच्या मध्यावरच पूर्णविराम पडला होता. अकराव्या आठवड्यात तपासणी झाली. उत्तर आलं मेजर.

काय सांगू तुम्हाला. ती दोघं दोन दिवस फोनच घेईनात. माझ्या जाऊबाई म्हणायच्या, देवाने दिलंय तर वाढवू. दीर म्हणायचे, नको. मी कुणाला काही म्हटलं नाही, कारण दर तीन आठवड्यांनी पहाटेची एस.टी. पकडणार होती ती मुलगी. आम्ही कुणी नव्हतो. कायद्याने ह्या टप्प्यावर गर्भपात करता येतो, ठेवताही येतो, आणि ठेवणाऱ्यांनाही मी नावं ठेवणार नाही. त्यांनी विचार करून थांबायचं ठरवलं. नंतर ती विश्रांतीसाठी श्रीरामपूरला आली. सासूबाईंनी तिला जवळ बसवून रोज डोक्याला तेल लावलं. एक दिवस मी चहा घेऊन गेले, तर दोघी बोलत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या.

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले, पुन्हा तपासणी, पुन्हा ते जीव टांगणीला लावणारे दिवस. ह्या वेळी मायनर. मुलगी आहे, चौदा महिन्यांची, आजीसारखीच फिकट आणि भयंकर खोडकर.

ह्या सगळ्यात मला एक प्रश्न नेहमी पडायचा. इतकी वाईट चूक पिढ्यानपिढ्या टिकली कशी? ह्याचं उत्तर मोठं नवलाचं आहे. जे. बी. एस. हाल्डेन ह्या शास्त्रज्ञाने, जो पुढे भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला, त्याने १९४९ मध्ये अशी कल्पना मांडली की मायनर माणसांना हिवतापाचा त्रास कमी होत असावा. पुढच्या संशोधनाने तिला बळ मिळालं. जिथे हिवतापाने माणसं पटापट मरत होती, तिथे ही बिघडलेली वही असलेली जास्त वाचली आणि आपली वही पुढे देत गेली. आपल्याच राज्यात नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आदिवासी भागात आणि विदर्भात सिकलसेल आहे, त्याचीही कथा हीच. तिथेही त्याच बीटा साखळीत एक अक्षर बदललेलं, पण परिणाम वेगळा. पेशी कोयत्यासारख्या वाकतात. एका जोडीदाराकडे सिकलसेलची वही आणि दुसऱ्याकडे थॅलसेमियाची असली तरी मूल आजारी होऊ शकतं, म्हणून विदर्भ-खानदेशातल्या भगिनींनीही कान टवकारावेत. सुदैवाने एचपीएलसी नावाच्या एकाच तपासणीत दोन्ही कळतात.

तर खापरपणजीला जिने वाचवलं, तीच वही पणतीच्या लग्नात आडवी येते. माझ्या लेकीचंच बघा ना. पहिलं स्थळ छान होतं, अठ्ठावीस गुण जुळले. आम्ही मायनरचं सांगितलं, आणि आठ दिवसांनी निरोप आला, 'पत्रिका जुळत नाही.' अठ्ठावीस गुणांचे एकाएकी किती झाले कुणास ठाऊक! ह्यांचं म्हणणं पडलं, पुढच्या वेळी नंतर सांगू. लेक म्हणाली, नाही, पहिल्याच भेटीत सांगायचं. दुसऱ्या स्थळाच्या विहीणबाई शाळेत शिक्षिका. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आमच्या मुलाची तपासणी कुठे करायची?" त्याचं ए-टू साधं निघालं. म्हणजे होणाऱ्या मुलांत फार तर मायनर, मेजर होण्याची भीती नाही. जमलं.

आपण पत्रिकेत नाडी बघतो, एकनाडी आली तर संततीला धोका म्हणून स्थळ मोडतो. बघा बापडे, मी अडवत नाही. पण सायप्रसला लग्नाआधी थॅलसेमियाची तपासणी केल्याचा दाखला चर्चच मागतं. तिथे दर सात माणसांत एक मायनर. दाखला बघून लग्न मोडत नाहीत. दोघं मायनर असले तरी लग्न होतं, फक्त पुढे काय करायचं ते जोडप्याला आधी ठाऊक असतं. एवढ्यावर तिथे मेजर मुलं जन्मणं जवळजवळ थांबलं. आपल्याकडे वर्षाला दहा हजारांवर जन्मतात असा अंदाज आहे.

जन्मलेल्या मुलांसाठी दारं अगदीच बंद नाहीत. सरकारी रक्तपेढीत त्यांना रक्त मोफत मिळतं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात थॅलसेमियाचा समावेश झाला, शेजारच्या मुलाने त्याचा दाखला काढलाय. सख्ख्या भावंडाचा मेळ बसला तर अस्थिमज्जा बदलून आजार कायमचा जातो. पण मेळ बसण्याची शक्यता चारात एक. २०२३ च्या अखेरीस इंग्लंडने जनुकांतच फेरफार करणाऱ्या पहिल्या उपचाराला परवानगी दिली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवली आहे. आपण आपली साध्या तपासणीची गोष्ट करावी हे बरं.

हो, वन्संचं सांगायचं राहिलं. साखरपुड्यानंतर महिन्याभराने त्यांचा फोन आला. आवाज बारीक. "वहिनी, उपाशीपोटी द्यावं लागतं का हो ते रक्त?"

नाही द्यावं लागत. जेवूनखाऊन गेलं तरी चालतं. लॅबमध्ये नुसतं 'थॅलसेमिया' म्हणू नका, 'एचपीएलसीने एचबी ए-टू' असं सांगा. एकदा केलेली तपासणी सहसा जन्मभर पुरते. मात्र अलीकडे रक्त चढवलेलं असेल तर तीन-चार महिने थांबा, नाहीतर दुसऱ्याच्याच रक्ताचा रिपोर्ट हातात येईल. अंगात लोह फार कमी असेल तर ए-टूचा आकडा जरा खाली दिसू शकतो, म्हणून शंका असेल तर फेरिटिन सोबत करा. आणि मायनर निघालात म्हणून गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. मायनर बाईलाही लोह कमी पडू शकतं. फेरिटिन बघून डॉक्टर ठरवतील. दिवस गेलेले असतील आणि दोघांची तपासणी झालेली नसेल, तर ती ह्याच आठवड्यात करा. वारेच्या तपासणीला अकरावा-बारावा आठवडा फार लवकर येतो.